'रखेल' लिहून मोकळं होऊ नका

मी वनस्पतीशास्त्राची. शब्दार्थ हा काही माझा प्रांत नाही. पण अमरावतीत माझी रूममेट इंग्रजी साहित्यात पीएच.डी. करते. तिच्या टिपणवहीत परवा एक नोंद दिसली : 'लेमन – मध्ययुगीन इंग्रजी शब्द. अर्थ : रखेल.' खोटं कशाला सांगू, आधी मला लिंबूच आठवलं. नंतर मात्र ती नोंद खटकली, आणि का खटकली ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हीही लवकरच अशाच नोंदी करायला बसणार आहात.

या शब्दाचे दोन तुकडे आहेत. 'लेओफ' म्हणजे लाडकं, आणि 'मन' म्हणजे माणूस. त्या काळी 'मन' बाईलाही चालायचं. म्हणजे मूळ अर्थ 'जिवलग', मग ती बाई असो की पुरुष. मध्ययुगीन भक्तिगीतांत तर ख्रिस्तालाही आत्म्याचा 'लेमन' म्हटलंय. आपल्या विराण्यांमध्ये देवाला प्रियकर मानून आळवतात ना, तसंच. आता त्या जागी 'रखेल' घालून बघा. अर्थाचा पार चुथडा होतो.

मग नोंद चुकीची का? पूर्ण चुकीची नाही, आणि अडचण तीच आहे. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरनं 'कँटरबरी टेल्स' लिहिलं. त्यातल्या गिरणीवाल्याच्या गोष्टीत प्रेमिक हाच शब्द लाडानं वापरतात. त्याच पुस्तकात मॅन्सिपल, म्हणजे कोठीचा कारभार पाहणारा, वेगळंच बोलतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : नवऱ्याला फसवणारी थोर घरची बाई आणि तशीच गरीब बाई, दोघींच्या वागण्यात काही फरक नाही. पण पहिलीला तिच्या प्रियकराची 'लेडी' म्हणतात, आणि दुसरीला 'वेंच' नाहीतर 'लेमन'. म्हणजे शब्द बाईचं वागणं सांगत नाही, तिची पायरी सांगतो. सहाशे वर्षांपूर्वीच्या कवीला हे दिसलं, आपल्या टिपणवहीतून ते निसटलं.

आता घरचं बघू. मराठीत 'अंगवस्त्र' म्हणजे खांद्यावरचं उपरणं, आणि ठेवलेली बाईसुद्धा. व्याकरणात ते नपुंसकलिंगी : 'ती' नाही, 'ते'. हवं तेव्हा अंगावर घ्यायचं, नको तेव्हा खुंटीला लावायचं. 'ठेवलेली', 'रखेल' हे शब्दही ठेवणाऱ्याच्या बाजूनंच बोलतात. उलट 'यार' बघा. बाईचा यार म्हटलं की कुजबुज होते, पण एरवी यार म्हणजे दोस्त. पुरुषाला दुसरा अर्थ उरतो, बाईला तो मिळत नाही.

इतिहासातही तेच. मस्तानीला पुण्याकडच्या कागदांत कलावंतीण म्हटलेलं सापडतं, तर बुंदेलखंडाच्या परंपरेत ती छत्रसालाची लेक. तिचा मुलगा समशेर बहादूर 1761 मध्ये पानिपतच्या लढाईत जखमी होऊन गेला. आई एकच, पण ओळखी दोन. कोणती ओळख कोणी लिहिली हे न विचारता एक उचलली, की आपण नकळत एका बाजूचे होतो.

माझीही एक चूक सांगते. अकोल्याजवळ आजीच्या गावी एक बाई होत्या. शेजारी म्हणायचे, "त्यानं तिले ठेवलं हाये." मीही घरी तसंच म्हटलं. आजी चिडली : "ठेवलं नाही, पाट लावला हाये!" पाट म्हणजे विधवेचं किंवा सोडलेल्या बाईचं पुन्हा लग्न. आपल्याकडे कितीतरी जातींत ते रीतीनं होत आलंय. त्या बाई बायको होत्या. आम्ही एका शब्दानं त्यांचं लग्न पुसून टाकलं होतं. आज त्या नाहीत, त्यामुळे माफी मागायचीही सोय राहिली नाही.

आमच्या विषयात झाडाचा वाळवलेला नमुना हर्बेरियमच्या कागदावर चिकटवतात, आणि कोपऱ्यात लेबल लावतात : कुठे सापडला, कधी, कोणी गोळा केला. लेबल नसेल तर नमुना कितीही सुंदर असो, संशोधनाला जवळपास निरुपयोगी. शब्दालाही असंच लेबल लावा. कोण म्हणालं? कोणाबद्दल? कधी? समोर म्हणालं की पाठीमागे? आणि त्या माणसानं स्वतःला काय म्हटलं असतं?

रूममेटनं नोंद बदलली. आता तिथे तीन ओळी आहेत : जिवलग, दोघांसाठी, भक्तिगीतात देव, पुढे हलक्या पायरीच्या बाईसाठी हिणवणारा शब्द. प्रत्येकीपुढे कवितेचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव. वहीत जागा जास्त गेली, हे खरं. जाऊ द्या. कागद स्वस्त आहे.