टिळकांचा त्याग आणि लक्ष्मीबाईंचा

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण बायका वाचतो, पोटभर हसतो, 'काय नवरा होता बाई!' म्हणतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. १९३४ पासून चार भागांत आलेलं हे पुस्तक मी यंदा चातुर्मासात एका प्रश्नासाठी वाचलं. ख्रिस्ती माणूस देवाजवळ जायला काय सोडतो, आणि त्याने सोडलेलं घरात कोण उचलतं?

आपल्याकडे तप निर्जरेसाठी. आयंबिल करा, वरसीतप करा. कर्म झडतं, कुणी देव प्रसन्न होत नाही. ख्रिस्ती विचार निराळा आहे. येशूने शिष्यांना स्वतःला नाकारून, आपापला क्रूस उचलून मागे यायला सांगितलं. तिथे भूक मारणं मुख्य नाही. 'मी'ला बाजूला सारून देवाला जागा करायची.

नारायण वामन टिळकांनी हे अक्षरशः घेतलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. जात गेली, गणगोत गेलं. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, अमेरिकन मिशनचा पगारही सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांत गेले. माणूस खराच मोठा. पण बाप्तिस्मा घेताना बायकोची संमती नव्हती. पदरी लहान मुलगा, नातेवाइकांच्या घरी आसरा, लोकांचं बोलणं. लक्ष्मीबाईंची जवळजवळ पाच वर्षं अशी गेली. तो क्रूस टिळकांचा, पण वजन हिच्या खांद्यावर.

आपल्या कल्पसूत्रात बघा. आईवडील आहेत तोवर दीक्षा घेणार नाही, असं महावीरस्वामींनी गर्भातच ठरवलं होतं. पुढे थोरले भाऊ नंदिवर्धन थांब म्हणाले, तर आणखी दोन वर्षं थांबले. अनुमतीशिवाय दीक्षा नाही, हा आपला दंडक. (यशोदेला कुणी विचारलं का, हे मात्र मी एकाही व्याख्यानात ऐकलेलं नाही.)

टिळकांचा त्याग सगळ्यांना दिसला. लक्ष्मीबाईंचा शोधावा लागतो. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत जायची नाही. अशा घरातली मुलगी. नवऱ्याजवळ राहायला आली तरी आधी आपलं सोवळं सांभाळूनच होती. मग जातिभेद तिने स्वतः विचार करून मनातून काढला, आणि तोही बाप्तिस्म्याच्या आधी! बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. सोवळं हाच तिचा 'मी' होता. तो सोडणं मला मिशनच्या पगारावर पाणी सोडण्यापेक्षा अवघड वाटतं. पगार बाहेरचा असतो.

आपल्या डभोईत यशोविजयजींची समाधी आहे. त्यांच्या 'ज्ञानसार'मधल्या ३२ अष्टकांपैकी एक तपावर आहे, आणि त्यांचा सगळा भर आंतर तपावर. सहा आंतर तपांत वैयावृत्य येतं, म्हणजे सेवा. पाहुणे, आजारी माणसं, अनाथ मुलं, आणि हातात पैसा न टिकणारा नवरा, एवढ्यांचं करणारी ही बाई त्या यादीत सहज बसते. तिने उपवास किती केले, याचा हिशेब मांडायची गरज पडत नाही.

कुणी म्हणेल, तिने हसत हसत माफ केलं, मग तुम्ही कशाला खटला चालवता? पण नीट वाचा. ती हसते खरी, गाळत मात्र काही नाही. नवऱ्याचा प्रत्येक लहरीपणा तिथे नोंदलेला आहे. कमी काही वाटत असेल तर एवढंच, की प्रार्थनेला बसल्यावर मनात काय व्हायचं हे ती फारसं सांगत नाही. देवाजवळ कशी पोचली ते आपण तिच्या वागण्यावरूनच ताडायचं. मला आणखी पानं हवी होती.

पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्याचा वरघोडा निघतो, शाता विचारायला माणसं येतात. आठ दिवस पाणी उकळून, ठारून, गाळून ठेवणारीला कोण शाता विचारतं? ती कधी कधी स्वतःही उपवासालाच असते.

टिळकांचं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे अपुरं राहिलं होतं. त्याचे बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले, शाळेची पायरी न चढलेल्या बाईने. नवरा गेल्यावर घर चालवता चालवता.