घर आणि पाहुणा : शब्दखेळातल्या खोल्यांची तात्पुरती वर्णनं

मालिकेच्या नेहमीच्या श्रोत्यांना आजचा विषय जरा आडवाटेचा वाटेल. नुसत्या शब्दांवर चालणाऱ्या संगणक-खेळांत एखाद्या जागेचं तात्पुरतं वर्णन कसं लिहावं, यावर बोलायचं आहे. त्यासाठी आधार घेणार आहे आपल्याच जिल्ह्यातल्या दोन गावांचा : नेवासे आणि संगमनेर. संबंध काय, ते ओघात येईलच.

आधी खेळाची ओळख. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला. पडद्यावर चित्र नाही, फक्त मजकूर. आणि एकाच वेळी अनेक जण आत. यात प्रत्येक जागेला 'खोली' म्हणतात, मग ती जागा जंगल असो की बाजारपेठ. 'पाहा' अशी आज्ञा टाइप केली की खोलीचं वर्णन समोर येतं. पुढे १९८९ च्या टायनीमडमध्ये आणि १९९० च्या लॅम्डामूमध्ये खेळाडूंनाच खोल्या बांधता येऊ लागल्या. याच परंपरेत भूमिका घेऊन खेळायचे खेळ वाढले. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची.

आता अडचण बघा. समजा खेळात एक चावडी आहे. वर्णन असं : 'गावाची चावडी. दगडी ओटा, समोर कडुलिंब. उत्तरेला वेस, पूर्वेला विहिरीची वाट.' हे कायमचं वर्णन झालं. आज रात्री मात्र तिथे पंचायत भरणार आहे. मग मूळ मजकूर न पुसता त्यावर एक तात्पुरता मजकूर चढवतात : 'ओट्यावर सतरंजी अंथरली आहे. कडुलिंबाखाली गर्दी आहे, विहिरीची वाट अडली आहे.' प्रसंग संपला की हा मजकूर काढायचा. काही खेळांत तो लावणारा निघून गेला किंवा खोली रिकामी झाली की आपोआप निघतो. काही खेळांत ऋतू आणि प्रहरानुसार वर्णन बदलायची सोय असते. पण ते पंचांगाचं काम झालं. आपण बोलतोय ते माणसानं, एका प्रसंगापुरत्या केलेल्या बदलाबद्दल.

दोन ओळींचं काम. पण यातलं बरंचसं लेखन फसलेलं दिसतं. लिहिणारा कादंबरीकार होतो आणि पंधरा ओळी ढगांवर घालवतो. किंवा तो लिहितो, 'तुमच्या मनात अनामिक भीती दाटून येते.' अहो, माझ्या पात्राला भीती वाटते की नाही, हे तुम्ही कोण ठरवणार? (हशा) तिसरी गोष्ट, प्रसंग संपतो आणि सतरंजी तशीच राहते. दुसऱ्या दिवशी येणारा नवा माणूस रिकाम्या चावडीवर गर्दी वाचतो.

आता नेवाशाला जाऊ. शके १२१२, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठच्या या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिथला पैस खांब आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गीतेची रचनाच बघा ना. धृतराष्ट्राला दिसत नाही. तो विचारतो, तिथे काय चाललंय? आणि संजय शब्दांत सांगतो. म्हणजे 'पाहा' ही आज्ञा आणि तिचं उत्तर. त्यात अकरावा अध्याय म्हणजे तर तात्पुरत्या वर्णनाचं अख्खं प्रकरण आहे. कुरुक्षेत्र ही कायमची जागा. तिच्यावर विश्वरूप चढतं, आणि अध्याय संपायच्या आत उतरतं.

हे भक्तीच्या अंगानं आपण पुष्कळ ऐकलंय. मी फक्त मांडणीकडे लक्ष वेधतो. पहिलं, विश्वरूप अर्जुनानं मागितल्यावर येतं. दुसरं, दिव्यदृष्टी दिल्याशिवाय ते दिसत नाही. रणांगणावरच्या इतरांची जागा बदललेली नाही. तिसरं, भीती वाटते हे अर्जुन स्वतःच्या तोंडानं सांगतो. कृष्ण आधीच 'आता तू घाबरलास' असं जाहीर करत नाही. अर्जुन घाबरल्यावर तो धीर देतो. आणि चौथं, अर्जुन 'आवर' म्हणतो तेव्हा ते आवरलं जातं.

या चौथ्या जागी ज्ञानेश्वर जे करतात, ते मला फार मोलाचं वाटतं. विश्वरूप गेल्यावर ते अर्जुनाला आजूबाजूला बघायला लावतात. तेच कुरुक्षेत्र, दोन्ही बाजूंना तेच गोत्रज, शस्त्रांचा तोच वर्षाव. त्या बाणांच्या मांडवाखाली रथ तसाच निवांत उभा, धुरेवर कृष्ण आणि खाली आपण. कायमचं वर्णन पुन्हा एकदा वाचून दाखवलं! जागा परत मिळाली, याची खात्री पात्राला आणि श्रोत्याला दोघांनाही हवी असते. शब्दखेळात तात्पुरता मजकूर काढल्यावर सगळ्यांना मूळ वर्णन पुन्हा दाखवावं, ही साधी गोष्ट अनेकांना सुचत नाही.

या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर म्हणतात की इथे शांतरसाच्या घरी अद्भुत पाहुणा आला आहे. रसांबद्दलचं हे बोलणं मला खोलीलाही लागू वाटतं. कायमचं वर्णन हे घर, तात्पुरतं वर्णन हा पाहुणा. पाहुण्यामुळे घराला शोभा येते. पण पाहुण्यानं भिंती पाडायच्या नसतात, आणि वेळेवर निघायचंही असतं.

चॅटमध्ये प्रश्न आलाय : 'अर्जुन एकटा होता. दहा जण एकत्र खेळत असतील तर जागा कुणी ठरवायची?' चांगला प्रश्न आहे. यासाठीच संगमनेरला यायचं.

संगमनेर हे अनंत फंदींचं गाव, आणि कांताबाई सातारकरांच्या तमाशाचंही. जुन्या ढंगाच्या तमाशात बोर्डावर काय असतं? जवळपास काहीच नाही. गवळणीत हाच बोर्ड मथुरेच्या बाजाराची वाट असतो. पेंद्या आणि मावशी बोलायला लागली की वाट तयार. वग सुरू झाला की तिथेच दरबार. राजानं 'प्रधानजी, दरबारची हालहवाल काय?' असं विचारलं, की झाला दरबार. जंगलात जायचंय? बोर्डावर एक फेरी मारायची, ढोलकीनं साथ द्यायची, पोचलो. इथे वर्णन म्हणून वेगळं कुणी वाचत नाही. ते पात्राच्या गरजेतून बोलण्यात येतं. म्हणून ते आखूड असतं, आणि पुढच्या कृतीला लागणारंच त्यात येतं.

आणि तिथे सोंगाड्या असतो. राजा म्हणणार, 'हा आमचा महाल.' सोंगाड्या इकडेतिकडे बघून म्हणणार, 'महाल व्हय? मला वाटलं, पाटलाचा गोठा.' (हशा) आपण याला नुसता विनोद समजतो. पण जागा काय आहे हे सांगायचा हक्क एकट्या राजाकडे राहू नये, याची ही सोय आहे. सोंगाड्या महाल मोडत नाही, वग थांबवतही नाही. प्रेक्षकाला दिसणारा उघडा बोर्ड तो बोलून दाखवतो, आणि राजाला आपला महाल पुन्हा उभा करावा लागतो. त्यातून महाल पक्का होतो.

आता प्रश्नाचं उत्तर. बहुतेक शब्दखेळांत तात्पुरतं वर्णन लावायचा अधिकार खोलीच्या मालकाला किंवा सूत्रधाराला असतो. तो असायला हरकत नाही, कुणीतरी सुरुवात करायलाच हवी. हरकत आहे ती उरलेल्या नऊ जणांना त्यावर बोलायला जागा नसण्याला. दार बंद आहे असं एकानं लिहिलं की बाकीचे अडकले. तुमचा प्रसंग तुम्हाला नाट्यमय वाटत असेल, पण आतल्या एखाद्याला तो खरोखर नकोसा होत असेल. पडद्यामागे माणसंच आहेत ना? अर्जुनाला 'आवर' म्हणता येत होतं. सोंगाड्याला 'गोठा' म्हणता येत होतं. खेळाडूलाही म्हणता आलं पाहिजे.

म्हणून तात्पुरत्या वर्णनाची पारख करताना मी भाषेचा फुलोरा शेवटी बघतो. आधी बघतो की आतल्यांना विचारून ते आलं का. त्यात करण्याजोगं काही आहे का? अडलेली वाट, अंथरलेली सतरंजी, विझत आलेला कंदील, असं काही. दुसऱ्याच्या पात्राचं मन त्यानं परस्पर ठरवलं का? मध्येच आलेल्याला मूळ चावडी कळते का? आणि ते काढायचं कुणी, हे ठरलंय का? एवढं जमलं तर दोन ओळीही पुरतात. हे जमलं नाही तर उत्तम गद्यही दुसऱ्याच्या घरात ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यासारखं होतं.

मराठीत असे खेळ लिहायची इच्छा असलेल्या तरुणांना एवढंच सांगेन, की नमुन्यासाठी फार लांब जाऊ नका. जागा बोलून उभी करायची आणि बोलूनच आवरायची, हे काम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललंय. एखादा वग कान देऊन ऐका, आणि प्रत्येक जागा कुणाच्या, कोणत्या वाक्यानं उभी राहिली, ते वहीत टिपून ठेवा. आता बाकीचे प्रश्न घेऊ.