मुक्तिनाथ : एक क्षेत्र, दोन नामे

नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यात, थोरांग खिंडीच्या पश्चिमेस, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर मुक्तिनाथाचे देवालय आहे. त्याविषयी जी मराठी यात्रावर्णने माझ्या वाचनात आली, त्यांपैकी बहुतेकांत ‘हिंदू व बौद्ध धर्मांचा संगम’ हा शब्दप्रयोग हटकून आढळतो. परंतु ह्या संगमाला मिळणाऱ्या दोन प्रवाहांपैकी एकाच्या भाषेत ह्या स्थळाचे नाव काय, हे कोणी सांगत नाही. उंचीवर लागलेल्या धापेचे वर्णन मात्र सविस्तर असते.

ते नाव ‘छु-मिग-ग्या-त्सा’ असे आहे. तिबेटीत ‘छु’ म्हणजे पाणी व ‘मिग’ म्हणजे डोळा. दोहोंच्या समासाने ‘झरा’ हा अर्थ सिद्ध होतो. (फारसीतही ‘चश्म’ म्हणजे डोळा आणि ‘चश्मा’ म्हणजे झरा, आपल्या नाकावरचा चष्मा त्याच कुळातला.) ‘ग्या’ म्हणजे शंभर. ‘त्सा’ हे शंभराला पुढील एकक जोडणारे पद होय; एकशे आठ म्हणावयाचे तर ‘ग्या-त्सा-ग्ये’ म्हणतात. स्थलनामात शेवटचे ‘आठ’ गळून जोडणारे पद तेवढे उरले आहे, म्हणून अर्थ होतो ‘शंभरावर झरे’.

‘मुक्तिनाथ’ हा षष्ठी तत्पुरुष आहे. त्यात देव आहे, त्याच्यापासून मिळणारे फळ आहे, स्थळ नाही. तिबेटी नावात स्थळ आहे, पाणी आहे, देव नाही. तेव्हा ही दोन नावे परस्परांची भाषांतरे नव्हेत. गाभाऱ्यातील मूर्तीला वैष्णव विष्णू म्हणतात, बौद्ध तिच्यात अवलोकितेश्वर पाहतात. आणि ‘संगम’ म्हणताच ह्या दोन वाचनांतील अंतर पुसले जाते. वास्तविक ते अंतर राखूनच दोघे एका आवारात नांदत आले आहेत.

मग समान काय? देवळामागील भिंतीतील एकशे आठ धारा. त्यांखालून भिजत जाणे हे ह्या यात्रेचे मुख्य कर्म. श्रीवैष्णव ह्या संख्येत आपली एकशे आठ दिव्यदेशे पाहतो, बौद्ध आपल्या जपमाळेचे मणी. कर्म एक, संख्या एक, अर्थ दोन. पाण्याच्या गारठ्यापुढे मात्र दोघे सारखेच.

शाळिग्रामाच्या बाबतीत आपल्या लेखकांनी अधिक जागरूक असावयास हवे होते. काली गंडकीच्या पात्रात सापडणारा हा काळा दगड म्हणजे टेथिस समुद्रातील अॅमोनाइट नामक प्राण्याचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीवाश्म. त्यावरील वलयांत वैष्णवाला सुदर्शन चक्र दिसते. त्याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. मराठी देवघरांत तो पिढ्यान्‌पिढ्या पुजला जातो, तुळशीच्या लग्नात नवरदेव होतो. ह्या दरीचा एक तुकडा आपल्या घरात आहे. पण दरीतील माणसांची भाषा त्याच्याबरोबर आली नाही. यात्रावर्णनकार तेथवर जाऊन पुन्हा तो दगडच घेऊन येतो.

ह्याच्या उलट, डेव्हिड स्नेलग्रोव्ह ह्यांनी १९५६ साली केलेल्या पदयात्रेचे ‘हिमालयन पिल्ग्रिमेज’ (१९६१) हे पुस्तक पाहावे. स्थलनामांची तिबेटी लेखनावरून शहानिशा करण्यावर त्यांचा एवढा कटाक्ष आहे की क्वचित वाचक कंटाळतो. परंतु नाव नीट ऐकणे हीच त्या प्रदेशातील माणसांना ओळखण्याची पहिली पायरी आहे, हे त्यांनी जाणले होते.

आपल्याकडे ते न जाणल्याचा परिणाम माणसांच्या उल्लेखांत दिसतो. विष्णूच्या ह्या देवालयाची देखभाल परंपरेने बौद्ध भिक्षुणींकडे आहे. त्यांना तिबेटीत ‘आनी’ म्हणतात. यात्रावर्णनांत त्या एका वाक्यापुरत्या येतात, तेही संगमाचा पुरावा म्हणून. त्या देवाला काय म्हणतात, हा प्रश्न त्यांना विचारलेला मला कोठे आढळला नाही.

जवळच ज्वालामाईचे मंदिर आहे. भूगर्भातील वायूची बारीकशी निळी ज्योत तेथे पाण्यालगत जळते. ती पाहण्यासाठी वाकावे लागते. त्याचे तिबेटी नाव ‘मेबार ल्हाखांग’, म्हणजे ‘अग्नी जळतो ते देवघर’. येथे दोन्ही नावे निदान ज्वालेपुरती जुळतात. ‘माई’ मात्र एकट्या आपल्याच नावात आहे.