कचरागाडीचें छायाचित्र आणि रसिकाची दृष्टि

मनुष्यानें कशाचा छंद धरावा याला नियम नाहीं. जुनीं नाणीं, टपालाचीं तिकिटें, आगगाडीचीं इंजिनें यांचे भक्त आपल्या परिचयाचे आहेत. आमच्या खानदेशांत पाचोरा–जामनेर ही अरुंद रुळांची गाडी २०२० सालीं बंद पडेपर्यंत तिचीं छायाचित्रें घेणारे हौशी लोक येत, आणि त्यांना कोणी वेडे म्हणत नसे. परंतु इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत जुन्या कचरागाड्यांचीं व कचराकुंड्यांचीं छायाचित्रें जमविणारा एक वर्ग आहे असें सांगितलें, म्हणजे आपल्यांतील सुशिक्षित वाचक आधीं हंसतो आणि मग नाकाला पदर लावतो. या दोन्ही क्रिया जितक्या स्वाभाविक, तितक्याच अविचाराच्या आहेत.

हंसणाऱ्यानें प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, शहराच्या संसाराची खरी हकीकत त्याच्या राजवाड्यापेक्षां त्याच्या कुंडीवरून अधिक कळते. पॅरिसचे प्रशासक युजेन पूबेल यांनीं १८८३ च्या अखेरीस हुकूम काढून घरमालकांस कचऱ्यासाठीं झांकणाचीं पात्रें ठेवण्यास भाग पाडलें. कुजणारा कचरा एकांत, कागद व चिंध्या दुसऱ्यांत, काच, खापऱ्या व शिंपले तिसऱ्यांत, अशी वांटणीहि त्यांनीं सांगितली होती. फ्रेंच भाषेंत कचऱ्याच्या डब्याला आजहि त्यांचेंच नांव आहे. ओल्या-सुक्या कचऱ्याचा जो उपदेश आज जळगांव-धुळ्याच्या घरोघरीं ऐकूं येतो, तो असा जवळजवळ दीडशें वर्षांचा आहे. एवढा इतिहास ज्या वस्तूच्या पोटांत आहे, तिचें चित्र कोणीं जपलें तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे?

नाकाला पदर लावणाऱ्याचा आक्षेप निराळा आहे. घाणेरड्या वस्तूंत सौंदर्य कसलें, असें तो विचारतो. या प्रश्नाचें उत्तर खानदेशाच्याच एका सुपुत्रानें देऊन ठेविलें आहे. फैजपूर येथें १९०९ सालीं जन्मलेले बा. सी. मर्ढेकर यांनीं पिंपांत मेलेल्या उंदरांना मराठी कवितेंत आणून बसविलें, तेव्हां अनेकांच्या अभिरुचीस धक्का बसला. पण त्याच मर्ढेकरांनीं संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांवर आपलें सौंदर्यशास्त्र उभें केलें. सौंदर्य हें विषयाच्या सोंवळेपणांत नसून घटकांच्या परस्परसंबंधांत असतें, हें त्याचें सार होय. हें तत्त्व मान्य केलें तर वैशाखाच्या उन्हांत भाजणारी सिमेंटची वाटोळी कुंडी, गाडीच्या गंजलेल्या पत्र्याचा तांबडा रंग आणि मागच्या निंबाची काळी सांवली, एवढ्या सामग्रीवर चांगलें चित्र होऊं शकतें. तें होणार नाहीं असें म्हणणाऱ्यास चित्रकलेचा अर्थ कळला नाहीं.

तथापि येथेंच थांबतां येत नाहीं. केवळ लयीच्या मापानें मोजलें असतां चित्रांतील कुंडी आणि फुलदाणी सारख्याच ठरतात. परंतु फुलदाणींत हात घालण्याचें काम आपल्या देशांत कोणावर जन्मानें लादलेलें नाहीं. कुंडींत हात घालण्याचें काम मात्र पिढ्यान् पिढ्या ठराविक जातींवर लादलें गेलें. हातानें मैला उचलण्याची चाल बंद करण्यासाठीं १९९३ सालीं कायदा झाला आणि २० वर्षांनीं, २०१३ सालीं, दुसरा करावा लागला, एवढ्यावरून या लादण्याचें मूळ किती खोल आहे तें दिसतें. ज्यानें कुंडी कधीं उपसली नाहीं त्यालाच तिच्या गंजाची शोभा निश्चिंतपणें पाहतां येते. हा निश्चिंतपणा ज्या चित्रांत भरून राहिला आहे, तें चित्र रचनेनें कितीहि निर्दोष असलें तरी त्याची दृष्टि अपुरी आहे.

मग वस्तु सोडून माणसाचेंच चित्र काढावें काय? सुधारक ओलवे यांनीं मुंबईच्या सफाई कामगारांचीं वर्षानुवर्षें जीं कृष्णधवल छायाचित्रें घेतलीं, तीं पाहिलेल्या मनुष्याला नळाशीं हात धुतांना त्या हातांची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. न्यूयॉर्कच्या सफाई खात्याशीं १९७७ पासून संबंध जोडलेल्या मिअर्ल लॅडरमन यूकेलीस या कलावतीनें १९७९-८० मध्यें त्या खात्याच्या सुमारें ८,५०० कामगारांशीं हस्तांदोलन करून प्रत्येकाचे आभार मानले. पुढें १९८३ सालीं तिनें एका कचरागाडीस बाहेरून आरसे जडविले. रस्त्यावरचा नागरिक गाडी पाहावयास जाई आणि त्याला स्वतःचेंच तोंड दिसे. कचरा कोणाचा, या प्रश्नाचें इतकें नेमकें उत्तर दुसऱ्या कोणत्या चित्रानें दिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

परंतु माणसाचें चित्र काढणाऱ्याच्या वाटेंतहि खळगा आहे. दया हा रस सवंग होण्यास वेळ लागत नाहीं. आणि मग दुःखी मनुष्य हाच चित्राचा अलंकार होऊन बसतो. उलट, गाड्यांचा जो खरा जाणकार असतो, त्याचा रूक्ष काटेकोरपणा अनपेक्षितपणें माणसापर्यंत पोंचवितो. इंग्लंडांतील लेचवर्थ येथें शेल्व्होक आणि ड्रूरी या कारखान्यानें १९२३ पासून बनविलेली गाडी या छांदिष्टांना प्रिय आहे. तिचीं चाकें लहान आणि मालाची पेटी जमिनीलगत. हें रूप हौसेचें नव्हे. कांठ जितका खालीं, तितकें भरणाऱ्याला ओझें कमी उचलावें लागतें. म्हणजे गाडीच्या कांठाची उंची हा मजुराच्या खांद्याचाच हिशेब होय. आतां या दृष्टीनें आपली ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली पाहावी. तिचा कांठ खांद्यापर्यंत येई आणि भरलेलें घमेलें त्यावरून आंत ओतावें लागे. सिमेंटच्या कुंडीस बाजूला एक तोंड ठेवलेलें असे. तेथून फावड्यानें कचरा ओढून काढावा लागे. त्या वस्तूंच्या घडणींतच उपसणाऱ्याच्या पाठीचा विचार नव्हता. हें ज्या छायाचित्रांत दिसेल, त्यांत मनुष्य नसूनहि मनुष्य आहे.

या कामाला आतां फार अवधि उरलेला नाहीं. २००० च्या नियमांनीं, व पुढें २०१६ च्या नियमांनीं, घरोघर कचरा गोळा करण्यावर भर दिला. घंटागाडी दाराशीं आली आणि चौकांतल्या कुंड्या हटूं लागल्या. शासकीय व नगरपालिकांच्या मालकीचीं १५ वर्षांहून जुनीं वाहनें मोडींत काढण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. जळगांव व धुळें या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका २००३ सालीं झाल्या. त्यापूर्वींच्या काळांतील वाहनें या नियमाखालींच येतात. तीं गेलीं याचें दुःख नाहीं. तीं जावयासच हवीं होतीं. परंतु त्यांच्याबरोबर श्रमाचा पुरावाहि नाहींसा होऊं नये.

पुरावा कसा जपावा, हें धुळ्यास शिकवावयास नको. ज्या कागदांची रद्दी झाली असती, ते वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव फिरून मिळविले व ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या २२ खंडांच्या मालेनें इतिहासास नवा पाया दिला. १९२६ सालीं धुळ्यासच त्यांचें देहावसान झालें, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. कागद कोठें सांपडला, कोणाच्या दप्तरांतला, कोणत्या सालचा, हें कळल्यावांचून तो पुरावा होत नाहीं. कचरागाडीच्या चित्रासहि तोच न्याय लागू आहे. गाडी कोणत्या सालची, कोणत्या वस्तींत फिरे, तिचा कांठ किती उंच, आणि ती भरणाऱ्याची संमति असेल तर त्याचें नांव, एवढें ज्या चित्राखालीं लिहिलें असेल त्याला आम्ही चित्र आणि साधन असे दोन्ही मान देऊं. ज्याखालीं कांहींच लिहिलेलें नसेल, तें डोळ्यांस कितीहि गोड वाटलें तरी रद्दींतच जमा होईल.