‘महत्त्वपूर्ण’ खनिजांची यादी आणि वऱ्हाडची शेती : एक चिकित्सा

केंद्रीय खाण मंत्रालयाने जून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशाच्या दृष्टीने महत्त्वपूर्ण अशा ३० खनिजांची यादी दिलेली आहे. स्वच्छ ऊर्जेकडे होणाऱ्या संक्रमणासाठी लागणाऱ्या खनिजांविषयीचे पुढील धोरण प्रामुख्याने या यादीवर उभे आहे. ऑगस्ट २०२३ मधील कायदादुरुस्तीने २४ खनिजांच्या लिलावाचे अधिकार केंद्राकडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानास मंजुरी मिळाली. सार्वजनिक चर्चा मात्र लिथियम, कोबाल्ट आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये यांच्याभोवतीच फिरत राहिली. याच यादीत फॉस्फरस आणि पोटॅश ही दोन नावे आहेत, याकडे फारसे लक्ष गेले नाही. अमरावती-अकोल्याचा शेतकरी त्यांना स्फुरद व पालाश म्हणून ओळखतो आणि कृषी केंद्रात ‘अठरा-शेचाळीस’ किंवा ‘दहा-सव्वीस-सव्वीस’ मागतो. या दोन नावांच्या आधारे अहवाल वाचला असता त्याचे सामर्थ्य आणि त्याची उणीव दोन्ही दृष्टीस पडतात.

आर्थिक महत्त्व आणि पुरवठ्यातील जोखीम हे दोन निकष अहवालाने स्वीकारले आहेत. विविध मंत्रालयांबरोबर खते विभागाचेही मत विचारात घेतले गेले, ही जमेची बाजू होय. पालाशासाठी भारत जवळजवळ पूर्णतः आयातीवर विसंबून आहे आणि जगातील पुरवठा मुख्यतः कॅनडा, रशिया व बेलारूस या तीन देशांच्या हाती आहे. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर त्याचे परिणाम खतांच्या किमतीत दिसले. तेव्हा या खनिजांचा यादीतील समावेश सर्वथा उचित आहे.

तथापि प्रत्येक खनिजाची स्वतंत्र नोंद करणारी ही पद्धत खनिजांमधील परस्परसंबंध झाकून टाकते. कोबाल्ट व निकेल टाळण्यासाठी उद्योग लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीकडे वळला. ही बॅटरी स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि सौरऊर्जा साठवण्यास सोयीची आहे. परंतु तिला लागणारे अतिशुद्ध फॉस्फोरिक आम्ल शेवटी फॉस्फेट खडकापासूनच मिळते. आज खतांच्या तुलनेत बॅटरीचा वाटा अल्प आहे, हे मान्य करावे लागेल. पण या बॅटरीच्या उत्पादनात अग्रेसर असलेल्या चीननेच २०२१ पासून फॉस्फेट खतांच्या निर्यातीवर निर्बंध आणलेले आहेत. एका खनिजाची टंचाई टाळण्याचा उपाय दुसऱ्याच्या मागणीत भर घालतो, आणि अहवालाच्या तक्त्यात या घटनेला जागा नाही.

दुसरी आणि अधिक गंभीर उणीव काळाची आहे. अहवालातील जोखीम वर्षाच्या हिशेबाने मोजलेली आहे. बॅटरीचा कारखाना कच्च्या मालाविना तीन महिने थांबला तर तोटा होतो; मृगाच्या सरीनंतर कपाशीच्या व सोयाबीनच्या पेरणीला खत तीन आठवडे उशिरा मिळाले तर हंगामच हातचा जातो. कोरडवाहू शेतीचे हे वास्तव वार्षिक सरासरीत उमटत नाही. शिवाय एप्रिल २०१० पासून पोषणमूल्याधारित अनुदान लागू झाले तेव्हा स्फुरद-पालाशयुक्त खतांचे भाव खुले करण्यात आले आणि युरिया नियंत्रणातच राहिला. परिणामी शेतकरी स्वस्त युरियाकडे झुकला. महाग खनिजाची टंचाई ही अशी आधी मातीत शिरते, बाजारात ती नंतर दिसते.

‘महत्त्वपूर्ण’ हे विशेषण कोणाच्या दृष्टीतून दिले जाते, हा प्रश्न वऱ्हाडास नवा नाही. १८६१ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या वऱ्हाडचा कापूस हाच त्यांचा निकडीचा कच्चा माल ठरला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. १८७० मध्ये खामगावला लोहमार्गाची शाखा पोहोचली ती कापूस लवकर बंदराकडे जावा म्हणून. निकड गिरणीची होती, भावाची जोखीम मात्र पिकवणाऱ्याने वाहिली. आज वऱ्हाड पुरवठादार नसून ग्राहक आहे. जोखमीची वाटणी मात्र फारशी बदललेली दिसत नाही. (लिथियमचे भावही २०२२ च्या शिखरानंतर अवघ्या दोन वर्षांत ८० टक्क्यांहून अधिक घसरले, हे येथे सहज आठवते.)

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेली १,५०० कोटी रुपयांची पुनर्चक्रीकरण प्रोत्साहन योजना तपासण्याजोगी आहे. तिचा रोख ई-कचरा व जुन्या बॅटऱ्यांवर आहे. लोह-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट किंवा निकेल नसल्याने पुनर्चक्रीकरण करणाऱ्यास तिच्यातून मुख्यतः लिथियमचाच मोबदला मिळतो; स्फुरद वेगळे काढणे त्याला परवडत नाही. शहरांच्या सांडपाण्यातून, हाडांतून आणि शेणखतातून शेतात परत येऊ शकणारे स्फुरद तर या योजनेच्या कक्षेतच येत नाही. यादीतील ३० खनिजांपैकी गावपातळीवर परत मिळवता येण्याजोगे खनिज बहुधा हेच आहे, आणि नेमक्या त्यासाठीच योजनेत तरतूद नाही.