शिखराअलीकडचे सुख

गिरिभ्रमणावरची बहुतेक पुस्तके शिखराकडे डोळे लावून लिहिलेली असतात. वाटेतली दरी, नदी, कुरण यांना तेथे दुय्यम मान. एरिक शिप्टन यांचे १९३६ सालचे ‘नंदादेवी’ हे पुस्तक त्याला सन्मान्य अपवाद आहे. १९३४ साली शिप्टन व टिलमन हे आंग थार्के, पासांग आणि कुसांग या शेर्पांसह गढवालातील ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याच्या खोऱ्यात शिरले. ७,८१६ मीटर उंचीचे ते शिखर त्यांनी सर केले नाही. तरी वाचकाला काही उणे वाटत नाही. कड्यावर वाट सापडणे आणि पलीकडे हिरवे कुरण दिसणे, एवढ्यातच या पुस्तकाचा सारा रस आहे.

मात्र शिप्टनना हे खोरे मोहवते ते निर्मनुष्य म्हणून. खालच्या लाता-रैणीच्या लोकांना नंदा ही देवी, आणि घरची माहेरवाशीणही. हे नाते पुस्तकात ओझरतेच येते. पुढे १९७४ साली खोरे गिर्यारोहकांना खुले झाले. जळणासाठी झाडे तुटली, कचरा साचला, आणि १९८३ साली ते बंद करावे लागले. त्याबरोबर गावकऱ्यांची गुरेचराईही गेली.

हा दोष शिप्टनच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण एकांताचे वर्णन जितके सरस, तितकी तेथे गर्दी लोटण्याची धास्ती अधिक. तेथे जायचे ते कोणाला विचारून, हा प्रश्न या वाङ्मयप्रकाराने यापुढे टाळू नये.