सतत एकत्रीकरणाचा सर्व्हर : एका गृहीतकाची चिकित्सा

मार्टिन फाउलर यांचा ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ हा निबंध २००० साली प्रथम प्रसिद्ध झाला. २००६ साली त्यांनी तो नव्याने लिहिला व २०२४ साली पुन्हा सुधारला. प्रत्येकाने आपले काम निदान दिवसातून एकदा सामाईक शाखेत मिळवावे, ते मिळविताच सबंध प्रोग्रॅम आपोआप बांधला जावा, त्याच्या चाचण्या व्हाव्यात आणि हे सारे दहा मिनिटांच्या आसपास उरकावे, हे त्यातील प्रतिपादन आता सर्वमान्य झाले आहे. त्याच्याशी प्रस्तुत लेखकाचा वाद नाही. वाद आहे तो ह्या विषयावरील लेखनात सर्वत्र आढळणाऱ्या एका गृहीतकाशी : पद्धती ही मुख्य, सर्व्हर ही केवळ सोय, आणि तो उभारणे हे तंत्रज्ञाचे किरकोळ काम.

ह्या गृहीतकाचे सर्वांत खेळकर रूप जेम्स शोर यांच्या २००६ सालच्या लेखात दिसते. एक जुना संगणक, रबराची एक कोंबडी आणि टेबलावरची घंटी एवढ्या सामग्रीवर एकत्रीकरण साधते, असे ते दाखवितात. ज्याच्या हाती कोंबडी, त्यानेच काम मिळवावे, आणि ते जुन्या संगणकावर यशस्वी झाले की घंटी वाजवावी. युक्तिवाद मार्मिक आहे. पण त्यात शोर यांनी काय टाकले आणि काय ठेवले ते बारकाईने पाहावे. सर्व्हरचा प्रोग्रॅम त्यांनी टाकला. वेगळा संगणक मात्र टाकला नाही. केंट बेक यांनीही १९९९ सालच्या आपल्या ग्रंथात एकत्रीकरणासाठी स्वतंत्र यंत्र राखून ठेवले होते. म्हणजे जी गोष्ट कोणालाच वगळता आली नाही, तीच गौण ठरविली गेली.

हे यंत्र वस्तुतः साक्षीदार आहे. कोड लिहिणाऱ्याच्या संगणकावर तो चालतो, ह्या विधानाला पुरावा म्हणून फारसे मोल नाही. जेथे लिहिणाऱ्याच्या सवयी पोचलेल्या नाहीत अशा ठिकाणी तो चालला, तरच काही सिद्ध होते. डेबियनवर जेंकिन्स बसविताना हे प्रत्यक्ष दिसते. (ओरॅकलशी नावावरून झालेल्या वादानंतर २०११ साली हडसनचे जेंकिन्स झाले, ते हेच.) ह्या पॅकेजमुळे ‘जेंकिन्स’ नावाचा निराळा वापरकर्ता निर्माण होतो, आणि सेवा त्याच्या नावाने ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर चालते. ह्या वापरकर्त्याला आपल्या शेलमधील सोयी ठाऊक नसतात. आपण ‘बॅशआरसी’ फाइलीत पाथ वाढवून ठेवलेला असतो. सेवा ती फाइल वाचतच नाही. सर्व्हरवर लोकेल ठरविलेले नसेल, तर क्रमवारी निराळी लागते. आपल्याकडील विद्यार्थ्यांना विशेष जाणवणारे उदाहरण देवनागरीचे. जावाच्या १८ व्या आवृत्तीपूर्वी (२०२२) मजकुराची सांकेतिक पद्धती स्पष्ट न दिल्यास ती परिवेशावरून ठरे. मराठी शब्दसूची वाचणारा प्रोग्रॅम टर्मिनलवर बिनचूक चाले, आणि तोच सर्व्हरवर प्रत्येक अक्षराच्या जागी निरर्थक चिन्हे देई. दोष सर्व्हरचा नव्हता. सांकेतिक पद्धतीची अट कोडमध्ये कोठेच लिहिलेली नव्हती, आणि सर्व्हरने तेवढे उघड केले.

ह्यापुढे जे सामान्यतः घडते ते अधिक चिंत्य आहे. विद्यार्थी ‘रूट’ होऊन सर्व्हरवर शिरतो, हवे ते पॅकेज हाताने बसवितो, पाथ जुळवितो, आणि दिवा हिरवा होईतो हा उद्योग चालू ठेवतो. ह्या खटाटोपाची नोंद कोठेही उरत नाही. साक्षीदार आता पढविलेला आहे! कोरे यंत्र आणावे, कोड उतरवावा, एक आज्ञा द्यावी आणि प्रोग्रॅम चालावा, ही फाउलर यांची अपेक्षा योग्यच आहे. पण वर्षभर असा जोपासलेला सर्व्हर कोरा राहिलेला नसतो, आणि कोऱ्या यंत्राविषयी त्याची साक्ष काढता येत नाही.

जेंकिन्सची मूळ मांडणीही ह्या बाबतीत निर्दोष नाही. कामाची जागा एका फेरीनंतर आपोआप पुसली जात नाही. एखादी फाइल कोडमधून काढून टाकली, तरी तिचे पूर्वी बांधलेले रूप मागे राहू शकते आणि त्याच्या आधारावर चाचणी उत्तीर्ण होते. सर्व्हर ज्या यंत्रावर बसविला त्यावरच कामे चालवू नयेत, कारण ती सर्व्हरच्याच अधिकाराने चालतात व त्याची गुपिते वाचू शकतात, असे जेंकिन्सचे अधिकृत दस्तऐवज बजावतात. तरीही नव्याने बसविलेला जेंकिन्स त्याच यंत्रावर दोन कामे एकाच वेळी चालविण्यास सिद्ध असतो. उपदेश एक आणि पूर्वनियोजित वर्तन दुसरे, ही विसंगती टीकेस पात्र आहे.

२०१६ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने कामाची कृती ‘जेंकिन्सफाइल’ म्हणून कोडशेजारीच ठेवण्यास प्रोत्साहन दिले, आणि २०१३ पासून प्रसृत झालेल्या डॉकरमुळे प्रत्येक फेरीस ताजा परिवेश देणे सुकर झाले. दोन्ही सुधारणा स्वागतार्ह आहेत. मात्र मूळ प्रतिमा ‘लेटेस्ट’ ह्या नावाने मागविली, तर त्या नावामागची वस्तू कोणालाही न कळत बदलते, आणि गेल्या महिन्याचा निकाल आज पुन्हा मिळेल याची शाश्वती राहत नाही. ज्या प्रबंधातील आकडे अशा सर्व्हरवर काढलेले असतील, त्याच्या परीक्षकाने प्रतिमेचा नेमका डायजेस्ट मागावा, आणि सर्व्हर पुसून तो पुन्हा उभा करून दाखवावयास सांगावे.